‘कोणासाठी हवाय?’ असं विचारणारा बाजार

गेल्या दिवाळीच्या आधी मी आत्यासाठी रेडिओ घ्यायला ठाण्यात जांभळी नाक्यावर गेले होते. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालं आणि वाचन कायमचं सुटलं. त्याआधी आम्ही भावंडं दर दिवाळीला तिला तीन दिवाळी अंक द्यायचो. अंक हातात पडले की ती फराळाची बशी बाजूला सारायची, तिन्हींच्या अनुक्रमणिका वाचून काढायची आणि म्हणायची, "चला, होळीपर्यंतची सोय झाली." अशा बाईला आता काय द्यायचं, हा विचार कोजागिरीपासून माझ्या डोक्यात होता. साडी तिला नको असते. गोड तिला चालत नाही. पाकीट दिलं तर ती ते उशीखाली ठेवते आणि भाऊबीजेला आमच्याच मुलांना वाटून टाकते.

दुकान बाजाराच्या एका गल्लीत आहे. तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरून जातं. मी म्हटलं, "एखादा साधा रेडिओ दाखवा." दुकानदारकाकांनी फळीकडे हात न नेता आधी विचारलं, "कोणासाठी हवाय?" मी सांगितलं. मग म्हणाले, "एकट्याच असतात का घरी? हात थरथरतो का त्यांचा?" हात थरथरतो. मी ते सांगायचं विसरले होते, किंवा रेडिओ घेताना ते सांगावं लागतं हे मला सुचलंच नव्हतं. काकांनी बारीक बटणांचे, चमकत्या आकड्यांचे सगळे रेडिओ मागे सारले आणि खालच्या फळीवरून एक काळा रेडिओ काढला. त्याला दोनच मोठी गोल बटणं, एक आवाजाचं आणि एक स्टेशनचं. सेल घालून त्यांनी बटण फिरवलं, अस्मिता वाहिनी लागली. ती नीट लागल्यावर त्यांनी बटणाच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध, एम-सीलची तुरीच्या डाळीएवढी गोळी दाबून बसवली. "बोट लावलं की कळेल. गोळी वर आली की अस्मिता लागली समजायचं." ती जरा घट्ट होईपर्यंत मला खुर्चीवर बसायला सांगितलं. पंचवीस मिनिटं गेली. रेडिओचे साडेआठशे रुपये घेतले, गोळीचे काही घेतले नाहीत.

त्या दुकानापर्यंत पोचायला मात्र मला गावदेवीपासून पस्तीस मिनिटं लागली होती. एरवी सकाळी सातला हे अंतर मी दहा-बारा मिनिटांत चालते.

मला जे म्हणायचंय ते या दोन आकड्यांबद्दल आहे. ठाण्यात माणसं निवडून भेट घेईनाशी झालीत, आणि त्याचं कारण माया आटली असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. निवडायचं तर चालावं लागतं, थांबावं लागतं, दोन दुकानं मागे जाऊन पुन्हा बघावं लागतं. त्यासाठी लागणारी जागा आपण बाजारात ठेवलेलीच नाही. म्हणून माझी ठाणे महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे मागणी आहे: दिवाळीच्या आधीचे दहा दिवस, संध्याकाळी चार ते दहा, गोखले रोड, राम मारुती रोड आणि स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंतचा बाजार गाड्यांना बंद करा. यंदा, म्हणजे २०२६ साली, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे २९ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या दहा संध्याकाळी.

आता डब्यांबद्दल सांगते, कारण रस्त्याचा आणि डब्यांचा संबंध आहे.

त्याच आठवड्यात आमच्या घरी सुक्या मेव्याचे सात डबे आले. काही नवऱ्याच्या ऑफिसातून, काही त्यांना माल देणाऱ्यांकडून, एक बँकेतून, दोन नातलगांकडून. त्यातला एक मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चार खणांत मिळून चारशे ग्रॅम बदाम, पिस्ते, काजू, मनुका. रिकामा डबा सातशे ग्रॅम. मखमलीचं अस्तर, पुठ्ठा, चुंबकाची कडी, सोनेरी साटीनची फीत. देणाऱ्याने पैसे मोजले होते हे नक्की, पण ते पैसे कशाला गेले हे काट्याने सांगितलं. २२ सप्टेंबर २०२५पासून बदाम-पिस्त्यांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला आणि चॉकलेटवरचा अठरावरून पाचवर. तो फायदा आमच्या घरी तरी मेव्यात उतरला नाही, मखमलीत उतरला.

ज्यांना हे ग्राहक म्हणून खटकतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वजनमापाच्या कायद्यानुसार मालाचं वजन म्हणजे आतल्या मालाचं निव्वळ वजन. मिठाईच्या दुकानात खोक्यासकट तोलून मिठाईचा भाव लावता येत नाही, आणि तसं कोणी करत असेल तर रिकामं खोकं आधी काट्यावर ठेवायला सांगायचा आपल्याला हक्क आहे. मी दर वर्षी सांगते. दुकानदार एकदा माझ्याकडे बघतो आणि ठेवतो. दुसरं, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्याला गुंडाळायची पातळ फिल्मसुद्धा आहे. तरी ती आमच्या सातांपैकी पाच डब्यांवर होती. आमच्या सोसायटीत कचरा वेगळा करणाऱ्या ताई लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्या फिल्मचा आणि चकचकीत कागदाचा ढीग बघून नुसत्या उभ्या राहतात. तो कागद भंगारवालाही घेत नाही.

सातपैकी चार डबे आम्ही पुढे पाठवले. याचं मला वाईट वाटतं ते मेव्यासाठी नाही. पाठवणाऱ्याला आम्ही कोण आहोत हे ठाऊक नव्हतं आणि आम्हीही तो पुढे ढकलताना समोरचा कोण आहे याचा विचार केला नाही, म्हणून वाईट वाटतं. त्या डब्याला कोणीच ‘कोणासाठी हवाय?’ असं विचारलेलं नसतं. कितीचा हवाय, एवढंच विचारलेलं असतं. पाचशेचा, हजाराचा, दोन हजारांचा. फोनवर वस्तू मागवताना तर पहिली चाळणीच किमतीची लागते. माणूस मनात नंतर येतो, पत्ता भरताना.

यावर कोणी म्हणेल की पूर्वी सगळं फार प्रेमाने चालायचं आणि आता हिशेब आला. तसं मुळीच नाही. माझ्या आजीच्या ट्रंकेत आहेराची वही होती. कोणाकडून काय आलं, कोणाला काय दिलं, खण कुठल्या पोताचा होता, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. हिशेब होताच. मानपानावरून रुसवे-फुगवे झाले, माणसं वर्षानुवर्षं बोलली नाहीत, हेही झालं. तरी त्या वहीत एका नोंदीपुढे आजीने लिहिलेलं मला आठवतं: ‘निळा देऊ नये, तिला आवडत नाही.’ हिशेब ठेवणारी बाईसुद्धा माणूस लक्षात ठेवत होती. आपण दिवाळी अंक भेट देतो, त्या प्रथेचंही तसंच. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत ही एक भेट अशी राहिली, की ती द्यायची तर समोरच्याला काय वाचायला आवडतं हे माहीत असावं लागतं.

मग आता बिघडलं कुठे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. वहिनी शाळेत शिकवते. तिने ठरवलं होतं की यंदा शाळेतल्या प्रत्येकीला हाताने रंगवलेली पणती द्यायची, आणि प्रत्येकीला शोभेल अशी वेगळी. शिपाई ताईंपासून मुख्याध्यापक बाईंपर्यंत चोवीस जणी. गोखले रोडवर बचत गटाच्या बायकांनी पणत्या मांडल्या होत्या. तिथे वहिनी पाऊण तास उकिडवी बसली. "ही शिंदे बाईंना, त्यांच्याकडे सगळं पिवळं असतं. ही मोराची संगीतवाल्या बाईंना." पणत्या रंगवणारी बाईही तिच्यात रंगून गेली. एक तिने तिथल्या तिथे पुन्हा रंगवून दिली, कारण वहिनीला काठाला हिरवा हवा होता. सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरल्या. आम्ही तिथून निघालो आणि पन्नास पावलंही गेलो नसू.

पदपथावर दोन ओळींत दुचाकी लावलेल्या होत्या. त्यांच्या पुढे कपड्यांचे स्टँड. म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो. रस्त्यावर एका बाजूला मोटारी उभ्या, मधून रिक्षा आणि स्कूटर चाललेल्या, आणि त्यांच्या फटींतून माणसं. एका स्कूटरच्या हँडलमध्ये वहिनीच्या पिशवीचा बंद अडकला. मुलगा पुढे गेला आणि पिशवी खाली. आवाज मोठा झाला नाही. वर्तमानपत्रात माती फुटल्याचा आवाज फार दबका येतो. मुलगा लगेच थांबला, उतरला, "सॉरी काकू, सॉरी" म्हणत खाली बसून तुकडे गोळा करायला लागला. त्याच्या मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याच्या मागे आणखी दोघं. त्या मुलाला जायला जागा नव्हती, आम्हाला चालायला नव्हती, रिक्षावाल्याला थांबायला नव्हती. आम्ही सात पणत्या वाचवल्या.

वहिनी पुन्हा पणत्या घ्यायला गेली नाही. त्या रात्री तिने फोनवरून चॉकलेटचे चोवीस एकसारखे डबे मागवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात होते.

माया आटली असं म्हणणाऱ्यांना मी वहिनीचं हे उदाहरण देते. पाऊण तास उकिडवं बसणाऱ्या बाईची माया आटलेली नसते. तिचं चालणं आपण अशक्य केलं. जे वहिनीचं झालं ते गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंचं, कडेवर मूल घेतलेल्या बाईचं, व्हीलचेअरवरच्या माणसाचं कधीच होऊन गेलंय. ते बाजारात येतच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं कोणीतरी निवडतं, किंवा कोणीच निवडत नाही. घोडबंदर रोडला राहणारी माझी मैत्रीण मेट्रोच्या खांबांखालून दीड तास बसमध्ये बसून गोखले रोडला येत असे. दोन दिवाळ्या झाल्या, आली नाही. घराजवळच्या मॉलमध्ये गेली. मॉलला मी नावं ठेवणार नाही. तिथे निदान चालता येतं, बसायला बाक असतो, स्वच्छतागृह असतं. पण ज्या तीन गोष्टी मॉल देतो त्या देणं गावाच्या रस्त्याला अशक्य आहे असं थोडंच आहे? आणि मॉलमध्ये बचत गटाची पणती नाही. एम-सीलची गोळी लावून देणारे काकाही नाहीत.

रस्ता बंद करणं ठाण्याला नवीन नाही. टेंभीनाक्याच्या देवीच्या नवरात्रात तिथली वाहतूक दर वर्षी वळवतात. दहीहंडीला टेंभीनाका आणि जांभळी नाका दोन्हीकडे गाड्या जात नाहीत. गुढीपाडव्याला कौपिनेश्वराच्या मंदिरापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेसाठी रस्ते मोकळे केले जातात, आणि ते केलेच पाहिजेत. एखाद्या रस्त्यावर गाड्यांना मज्जाव करायचा अधिकार देणारं कलम ११५ मोटार वाहन कायद्यात, १९८८च्या, आहेच. पोलीस अधिसूचना काढतात, पर्यायी मार्ग जाहीर होतात, शहर दोन दिवस कुरकुरतं आणि निभावून नेतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे तर तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, आणि राम मारुती रोडला तरुण मुलामुलींची एवढी गर्दी होते की गाडी आत घालायची कोणाची छाती होत नाही. नवे कपडे घातलेली, अभ्यंगस्नान करून आलेली पोरं रस्त्याच्या मधोमध उभं राहून गप्पा मारत असतात. मी दर वर्षी जाते, नुसतं ते बघायला. पण त्या पहाटे दुकानं बंद असतात. वर्षातून एकदा तो रस्ता चालणाऱ्यांचा होतो, तोही बाजार उरकल्यावर. तोच रस्ता आठवडाभर आधी का मिळू नये?

पुण्यात महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन पाळला, गाड्या बंद ठेवून. लक्ष्मी रोड म्हणजे पुण्याच्या खरेदीची मुख्य नाडी. तिथे ते जमलं. दिल्लीत चांदनी चौकाचा मुख्य रस्ता, लाल किल्ल्याकडून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा साधारण तेराशे मीटरचा, २०२१पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंद आहे. तो देशातल्या सर्वांत दाटीच्या बाजारांपैकी एक. मी मागतेय ते त्यापेक्षा फार कमी आहे. वर्षातल्या दहा संध्याकाळी.

यावरचे आक्षेप मी नौपाड्यातल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारांशी आणि रहिवाशांशी बोलून गोळा केलेत. सगळ्यांत रास्त आक्षेप राहणाऱ्यांचा. घरात आजारी माणूस असेल, रात्री डायलिसिसहून परतायचं असेल, तर गाडी दारापर्यंत आलीच पाहिजे. त्यांना पास द्यावा, आणि रुग्णवाहिकेसाठी मधली पट्टी आखून मोकळी ठेवावी. गर्दीच्या दिवशी रुग्णवाहिकेला वाट देणारी माणसं मी पाहिली आहेत. उभ्या केलेल्या मोटारीला मात्र बाजूला सरकता येत नाही.

दुकानदारांना भीती वाटते की गाडीतून येणारं गिऱ्हाईक तुटेल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण दिवाळीच्या दहा दिवसांवर अनेकांचं वर्षाचं गणित असतं. पण त्यांनी एका संध्याकाळी आपल्याच दारात उभं राहून मोजावं. समोरून सरकणाऱ्या किती गाड्यांतून माणूस उतरून आत आला, आणि पायी आलेले किती? गाडी थांबवायला जागाच नसते. ती नुसती हॉर्न वाजवत पुढे जाते आणि दारासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही हाकलते. माल उतरवायचं काम दुपारी बारापर्यंत आटपावं, आजही बहुतेकांचं ते सकाळीच होतं.

"मग गाड्या जातील कुठे?" हा तिसरा प्रश्न. गावदेवी मैदानाखाली वाहनतळ आहे. तो भरेल हे मला दिसतंय. तीन पेट्रोल पंपाकडे आणि अल्मेडा रोडवर त्या दहा संध्याकाळी कोंडी वाढेल, हेही खरं आहे, आणि ते लपवून मला कोणाला पटवायचं नाही. तिथल्या लोकांना त्रास होईल. तो कमी करायचा तर हरिनिवास आणि तीन हात नाक्याकडून टीएमटीने, म्हणजे पालिकेच्या बससेवेने, लहान बस सोडाव्यात, दर दहा मिनिटांनी, पिशव्या घेऊन चढता येईल अशा. ज्येष्ठांना आतल्या आत फिरवायला बॅटरीवरची गाडी ठेवावी. रस्त्याच्या कडेला पन्नास बाक टाकावेत. एवढं केलं तर गाडी घरी ठेवणारे पुष्कळ निघतील. मी पहिली.

फेरीवाल्यांबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण ‘रस्ता मोकळा करा’ म्हटलं की पालिकेची गाडी आधी त्यांच्यावर जाते. २०१४चा पथविक्रेता कायदा सांगतो की दर पाच वर्षांनी पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं, नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यावी. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांवर होती. तिचे अडीच टक्के म्हणजे सेहेचाळीस हजार. उलट बाजूने, प्रभादेवीला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २०१७च्या सप्टेंबरात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसायला मनाई केली. ती मनाई योग्य आहे. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून संध्याकाळी सातला बाहेर पडणाऱ्या कोणालाही ती योग्यच वाटेल. पण दीडशे मीटरच्या पुढे काय? तिथे त्यांना जागा आखून द्यायची तर जागा हवी, आणि ती जागा आज उभ्या गाड्यांनी अडवली आहे. दोन मोटारी जिथे उभ्या राहतात तिथे उटणं विकणारी, कंदील विकणारा आणि पणत्यांची बाई असे तिघं बसू शकतात, आणि पदपथ मोकळा राहतो. फेरीवाला आणि पादचारी एकमेकांचे वैरी आहेत असं आपल्याला वाटायला लागलंय, ते दोघांना एकाच तीन फुटांत कोंबल्यामुळे.

आणि कोणी असं सुचवतं की भेटवस्तूच बंद करा, तेच पैसे चांगल्या कामाला द्या. जरूर द्यावेत. महर्षी कर्व्यांच्या संस्थेने भाऊबीज निधी सुरू करून ओवाळणीलाच सार्वजनिक केलं. आमच्या घरून तो जातो. तसंच वॉचमन, सफाई कामगार, घरकामाच्या ताई यांची दिवाळीची पोस्त मी रोख देते, आणि नीट देते. तिथे सुक्या मेव्याचा फिरता डबा देऊन उदारपणा दाखवणं मला पाप वाटतं. ज्याला पैशांची गरज आहे त्याला पैसे द्यावेत. पण आत्याला पैशांची गरज नाही. तिला आपली आठवण कोणीतरी डोकं लावून काढली, हे हवं असतं. तुमच्या-माझ्या घरात असं कोणीतरी असतंच.

या खरेदीत सुख किती आहे, ते तर मी अजून सांगितलंच नाही. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार कलली की तलावपाळीवरून जरा वारा येतो. उटण्याच्या पुड्या सोडलेल्या असतात, त्या वासाने आपण आपोआप हळू चालायला लागतो. कंदील विकणारा सगळे दिवे एकदम लावून दाखवतो आणि लहान मुलं वर बघत ठेचकाळतात. भाचीसाठी रांगोळीची चाळणी घेताना विकणारी मुलगी तळहातावरच कमळ काढून दाखवते. कोणीतरी जुनं भेटतं, "अगं तू इथे कुठे?" आणि दोघींच्या पिशव्या खाली ठेवून पंधरा मिनिटं जातात. एकदा शाळेतली मैत्रीण अशीच तीस वर्षांनी भेटली. तिने पिशवीतून खलबत्ता काढून दाखवला, "बाबांना दात नाहीत, पण विडा लागतोच. कुटून खातील." इतका वजनदार खलबत्ता ती डोंबिवलीपर्यंत लोकलमधून नेणार होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! मी त्या दिवशी काय घेतलं ते मला आठवत नाही. तो खलबत्ता आठवतो.

हे सुख फुकट आहे, पण त्याला उभं राहायला दोन पावलांची जागा लागते.

यंदा हे घडवायचं तर हातात वेळ आहे. अधिसूचनेआधी हरकती-सूचना घ्याव्यात, नौपाड्यातल्या सोसायट्यांना आणि व्यापारी मंडळांना बोलवावं, पासांची यादी करावी, बसचे थांबे ठरवावेत. पहिल्या वर्षी चुका होतील. पहिल्या संध्याकाळी कोणीतरी गाडी आत घालेल, कोणीतरी भांडेल. दहा संध्याकाळी सगळ्याच नको वाटत असतील तर गुरुवार ते रविवार अशा चारच घ्याव्यात आणि गिऱ्हाइकांना, दुकानदारांना, पणत्यावाल्या बायकांना विचारून पुढचं ठरवावं. मी माझ्या प्रभागाच्या कार्यालयात अर्ज दिलाय. ज्यांना पटलंय त्यांनी आपल्या प्रभागात द्यावा. एका अर्जाने काही हलत नाही.

गेल्या महिन्यात आत्याच्या रेडिओचे सेल बदलायला मी त्याच दुकानात गेले. सेल कुठेही मिळतात, पण मला काकांना सांगायचं होतं की गोळी अजून पक्की आहे आणि आत्या पहाटे बोटाने चाचपून अस्मिता लावते. ते खूश झाले. मग रस्ता बंद करण्याच्या अर्जाबद्दल मी त्यांना सांगितलं आणि दुकानदार म्हणून त्यांचं मत विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर एक टेम्पो मागे घेत होता आणि मागे माणसांची रांग थांबली होती. मग त्यांनी मी बसले होते त्या खुर्चीकडे बोट केलं.

"ही खुर्ची वडिलांच्या वेळी बाहेर असायची. गिऱ्हाइकांसाठी. पंधरा वर्षांपूर्वी एक गाडी तिचा पाय तोडून गेली, तेव्हा आत घेतली. रस्ता बंद होणार असला तर मला आधी कळवा. तिला सुताराकडे न्यायला हवी, एक पाय अजून डुगडुगतो."